मुंगीला कंबर असते

आमच्या लेडीज हॉस्टेलवर रविवारी रात्री हमखास एक आरोळी ऐकू येते. "अगं, मुंग्या झाल्याऽऽ!" रविवारी सगळ्याजणी घरून परत येतात. कुणाच्या पिशवीत बेसनाचे लाडू, कुणाकडे काजूची टोफी, कुणाकडे मालवणी खाजा. खाज्याला गुळाचा आणि आल्याचा पाक, त्यामुळे तो आपल्याआधी मुंग्यांना सापडतो. मग डबा आपटणं, फुंकर मारणं, परातीत पाणी घालून त्यात डबा ठेवणं असे सगळे उपाय सुरू होतात.

या गोंधळात मी फक्त एक प्रश्न विचारते, "कुठल्या मुंग्या?"

आणि सगळ्या हसतात. "मुंग्या म्हणजे मुंग्या! तुला काय त्यांचं आधार कार्ड हवंय?" माझं नाव 'मुंगीबाई' पडलं आहे, आणि ते आता रेक्टर मॅडमपर्यंत पोचलं आहे. म्हणून म्हटलं, मॅगझीनसाठी लेख मागितलाच आहे तर एकदाचं सगळ्यांना सांगून टाकावं की मी हा प्रश्न का विचारते. (माझं शिक्षण मुंबईच्या कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रूममेटने काढल्या आहेत. ज्या उरल्या त्या तिच्या!)

तर झालं असं. आमचं घर मालवण तालुक्यात, चौक्याच्या बाजूला. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, फणसाच्या लाकडाची दारं आणि वर माळा. आजी आणि काका तिथे राहतात. आई-बाबा मुंबईत. मला ॲडमिशन इथे मिळाली तेव्हा सर्वात जास्त आनंद आजीला झाला, कारण नात शनिवार-रविवार घरी येणार. मला मात्र टेन्शन आलं, कारण आजी बोलते मालवणी आणि मी बोलते अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. पहिले दोन महिने आमचं संभाषण म्हणजे दोन वेगळ्या प्रोटोकॉलची मशिन्स एकमेकांना जोडल्यासारखं होतं.

फर्स्ट इयर संपलं त्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा आला. ताटात, पाण्याच्या तांब्यात, आजीच्या केसांत, सगळीकडे तेच. दिवा मालवून आम्ही अंधारात जेवलो. सकाळी पाहिलं तर माजघराच्या दाराशी पंखांचा नुसता सडा! किडे गायब, पंख तेवढे शिल्लक.

आजी झाडू हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही वाळवी गो. चौकट बघूक व्हयी. माळो पण बघूक व्हयो."

काका म्हणाले, औषध मारणाऱ्या माणसाला बोलावतो. पण मी होते ना घरात, इंजिनीअर! मी एक मेलेला किडा उचलला. काळपट तपकिरी होता. आता माझ्या डोक्यात वाळवीचं इंग्लिश नाव पक्कं बसलेलं, 'व्हाइट अँट'. म्हणजे पांढरी मुंगी. हा किडा पांढरा नाही, म्हणजे ही व्हाइट अँट नाही. कसं लॉजिक आहे! वर मी फोनने एक फोटो काढला, तोही हललेला. फोनवर शोधलं तर 'फ्लाइंग अँट्स' असं काहीतरी आलं. झालं! मी जाहीर करून टाकलं, "आजी, या साध्या उडणाऱ्या मुंग्या आहेत. पावसाळ्यात उडतात. वाळवी पांढरी असते. काका, उगाच पैसे घालवू नका."

आजीने तो किडा तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "तिची कंबर बघ आदी. मुंगयेक कंबर आसता. वाळवीक खयची कंबर?"

मी हसले. किड्याला कसली कंबर! काकाही हसले. घरात शिकलेलं माणूस मी, त्यामुळे माझं ऐकलं गेलं. औषधवाला आला नाही. 'मुंगीला पंख फुटले' असा वाक्प्रचार आपण दहावीला लिहितो. त्या दिवशी पंख मला फुटले होते, हे मला नंतर कळलं.

चतुर्थीला बाबा मुंबईहून आले. माळ्यावर आजोबांची एक लाकडी पेटी होती, ती त्यांना खाली काढायची होती. आजोबा मुंबईला कापड गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले आणि पुन्हा गेलेच नाहीत. मी त्यांना पाहिलेलं नाही. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाची घरं मिळण्याची योजना आहे, आणि त्यासाठी आपला माणूस गिरणीत होता हे कागदाने सिद्ध करावं लागतं. ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, असं काहीतरी. ते सगळं त्या पेटीत होतं.

बाबांनी पेटीची कडी धरली आणि कडी लाकडासकट हातात आली.

आत कागद होते, म्हणजे कागदांच्या आकाराची माती होती. वरचा कागद दिसायला ठीक, उचलला की चुरा. ओळखपत्राचा आजोबांच्या फोटोचा अर्धा भाग राहिला होता, नावाचा अर्धा गेला होता. पेटीमागच्या भिंतीवर मातीच्या पेन्सिलीएवढ्या जाड नळ्या वर चढत गेल्या होत्या. त्या मी जूनमध्ये पाहिल्या होत्या! कुंभारीण माशीचं घर असेल असं वाटून सोडून दिल्या होत्या.

बाबा काही बोलले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. मी मागच्या पडवीत जाऊन बसले. थोड्या वेळाने आजी आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "आता रडान काय होतला? फुडच्या येळाक नीट बघ." आणि मग जरा थांबून, "माका काय इंग्लिश येणा नाय. पण कंबर दिसता."

त्या दिवसापासून मी बघायला लागले. सुरुवात अर्थातच कंबरेपासून केली.

एक साधं भिंग घेतलं, दहा पट मोठं दाखवणारं. मुंगी काही भिंगाखाली पोज देऊन उभी राहत नाही. म्हणून तिला छोट्या डबीत घालून पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीने ती सुस्त होते, तेवढ्यात बघून घ्यायचं आणि मग सोडून द्यायचं. आजीच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी मुंग्यांची डबी, हे दृश्य काकूने पाहिलं तेव्हा जो ओरडा बसला तो इथे लिहीत नाही.

मी चुकले ते नेमकं कुठे, ते आधी सांगते. पंख असलेली मुंगी आणि पंख असलेली वाळवी लांबून सारखीच दिसतात. वाळवीचे कामकरी पांढुरके असतात हे खरं, पण तिचे पंखवाले नर-मादी काळपट असतात. म्हणजे रंग बघून निदान केलं की चूक ठरलेलीच. बघायच्या खुणा तीन. एक, कंबर. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते, वाळवीचं अंग सरळसोट. दोन, मिशा. इंग्लिशमध्ये अँटेना म्हणतात त्या. मुंगीच्या मिशा हाताच्या कोपरासारख्या मध्येच वाकलेल्या असतात, वाळवीच्या सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या. तीन, पंख. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीचे चारही सारख्या लांबीचे, अंगापेक्षा बरेच लांब आणि सहज गळणारे. आमच्या माजघरात सडा पडला होता तो त्यांचाच. आणि हेही वाचलं की पंखवाले बाहेर पडतात तेव्हा वाळवीची वसाहत काही वर्षांची जुनी झालेली असते. म्हणजे जूनमध्येच पेटी थोडीफार खाल्ली गेली असणार. पण 'थोडीफार' आणि 'सगळी' यांच्यामध्ये तीन महिने होते, आणि ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

गंमत बघा. मुंगी ही गांधीलमाशीच्या आणि मधमाशीच्या कुळातली. वाळवी निघाली झुरळांच्या घराण्यातली! वाळवीचा वेगळा गण मानायचे, पण २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून ती झुरळांमध्येच मोडते असं दिसून आलं. म्हणजे 'व्हाइट अँट' हे नाव दोन्ही बाजूंनी चुकीचं. ती नेहमी पांढरी नाही आणि मुंगी तर अजिबात नाही. मराठीत तिला 'वाळवी' असं स्वतःचं नाव आहे, त्यात मुंगीचा संबंधच नाही. माझ्या इंग्लिशने मला फसवलं, आजीच्या भाषेने तिला फसवलं नाही, असं मी मोठ्या अभिमानाने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग 'मुंग्यांचं वारूळ' कोण म्हणतं?" बरोबर! ती मोठी मातीची वारुळं बांधते वाळवी, आणि मराठीत सर्रास नाव होतं मुंगीचं. म्हणजे भाषा कुठलीही असो, नावावर विसंबून चालत नाही.

वारुळावरून आठवलं. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते हे इथल्या मुलींना सांगायला नको. आमच्या परड्यातही एक वारूळ आहे, त्याला आजी हात लावू देत नाही. पेटीचं प्रकरण झाल्यावर मी म्हटलं, आता तरी ते मोडूया. आजी म्हणाली, "ता वारूळ देवीचा. घरात इली की ती वाळवीच." घरात औषध मारलं गेलं, परड्यातलं वारूळ तसंच आहे. यातलं शास्त्र म्हणाल तर जंगलात आणि बागेत पडलेलं लाकूड, पालापाचोळा खाऊन त्याची माती करण्याचं काम वाळवी करते. आजीने शास्त्र वाचलेलं नाही, पण कोण कुठे असावं हे तिला ठाऊक आहे.

तर कंबर. खऱ्या मुंग्यांमध्ये आल्यावर कंबरेचं काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं. मुंगीच्या कंबरेवर गाठ असते. काहींना एक, काहींना दोन. भिंगातून स्पष्ट दिसते. किडे ओळखायची पुस्तकं याच पद्धतीने लिहिलेली असतात. एक गाठ असेल तर या पानावर जा, दोन असतील तर त्या पानावर जा. म्हणजे आपण सी प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये लिहितो तीच इफ-एल्सची शिडी! फरक एवढाच की इथे पहिली अट चुकली तर कंपायलर एरर देत नाही. तो शांतपणे चुकीचं उत्तर देतो.

आमच्या कलमांवर आणि काजूवर असतात ते हुमले. रत्नागिरीकडे ओंबील म्हणतात. शास्त्रीय नाव ईकोफायला स्मॅरॅग्डिना. तांबूस, लांब पायांचे, पानं एकमेकांना शिवून घरटं करणारे. शिवायला धागा कुठून आणतात? आपल्याच अळ्यांच्या तोंडातून! मोठी मुंगी अळीला जबड्यात धरते आणि विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवते. कंबरेला एकच गाठ, तीही लांबट आणि बसकी. यांना डंख नाही. ते चावतात आणि चावलेल्या जागी पोटाच्या टोकातून फॉर्मिक ॲसिड सोडतात. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी, ॲसिडचं नाव मुंगीवरूनच पडलेलं. दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, तिथे झाडाचा चीक गोठवायला हेच ॲसिड वापरतात. आंबे काढताना एकदा माझ्या मानेवर चार हुमले पडले. तेव्हापासून केमिस्ट्रीचा हा भाग मला कधीच विसरायला झाला नाही.

काका दरवर्षी काजूवरच्या हुमल्यांची घरटी जाळायचे. काजूच्या मोहोरावर ढेकण्या नावाची कीड पडते, ती कोवळ्या शेंड्यांचा रस शोषते आणि मोहोर करपतो. हुमले या ढेकण्याला हुसकावतात. ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांमध्ये यावर बरंच काम झालं आहे. चीनमध्ये तर संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत याच मुंग्यांची घरटी आणून टांगायची पद्धत सतराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात नोंदलेली आहे. अर्थात हुमले गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकणांची राखणही करतात, म्हणजे अगदीच संत नाहीत. मी काकांना एवढंच म्हटलं की यंदा कडेच्या दोन झाडांवरची घरटी ठेवून बघूया. एकदा तोंडावर पडलेली असल्याने मी 'बघूया' म्हणायला शिकले आहे. काका तयार झाले. दोन झाडांवरून काही सिद्ध होत नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे, पण घरटी अजून आहेत.

याच काजूवर एक धमाल झाली. मी एक हुमला डबीत धरून आणला. आजी म्हणाली, "हुमलोच तो, तेत काय बघतंस?" भिंगाखाली घेतला तर मिशा कोपरात वाकलेल्या नव्हत्या. खरं तर मिशा नव्हत्याच! पुढचे दोन पाय वर उचलून तो मिशांसारखे हलवत होता. पाय मोजले, आठ. तो निघाला कोळी! हुमल्यासारखा दिसणारा, हुमल्यांच्याच झाडावर राहणारा उड्या मारणारा कोळी. शरीरावर खाचा अशा की डोकं आणि छाती वेगळी वाटावी. हुमल्यांच्या वाटेला पक्षी-किडे सहसा जात नाहीत, म्हणून त्यांचा युनिफॉर्म घालून हा फिरतो. आजीला दाखवला. तिने चष्मा पुसून एक एक पाय मोजला आणि म्हणाली, "मेल्यान फसवल्यान माका!" खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटलं. चुकतात सगळेच. मोजलं की कळतं.

आता दोन गाठींच्या बाजूला या. झाडाच्या खोडावर एकटी-दुकटी फिरणारी एक सडपातळ मुंगी असते. डोकं काळं, मधला भाग तांबडा, पोट काळं. घाईत बघणाऱ्याला हुमलाच वाटेल. हिचं नाव टेट्रापोनेरा रुफोनायग्रा, म्हणजे तांबडी-काळी. कंबरेला दोन गाठी, आणि पोटाच्या टोकाला गांधीलमाशीसारखा डंख. हुमला चावला तर चुरचुरतं, ही डसली तर हात सुजतो. एक गाठ की दोन, हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही हे मी सुजलेल्या बोटाने जर्नल लिहिताना शिकले.

काजूच्याच फांद्यांवर क्रेमॅटोगॅस्टर नावाच्या लहान काळपट मुंग्या असतात. वरून पाहिलं तर पोट बदामाच्या आकाराचं, पत्त्यांतल्या बदामासारखं. दुसरी गाठ पोटाला वरच्या बाजूने जोडलेली असते, त्यामुळे चिडली की ही पोट उचलून विंचवासारखं थेट डोक्यावर आणते. गाठ कुठे जोडली आहे एवढ्या एका सांध्यावरून तिची सगळी लढाईची पद्धत ठरते. मेकॅनिकलवाल्यांनी हा जॉइंट जरूर बघावा.

पण 'एक गाठ म्हणजे डंख नाही' असा नियम करू नका. मी केला होता! अंगणात जमिनीवर फिरणारी डायाकामा नावाची मोठी काळी मुंगी असते. लांबून मुंगळाच वाटते. कंबरेला एकच गाठ, पण त्या गाठीवर दोन काटे, अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या रेषा, आणि डंख आहे. मुंगळ्याची पाठ मात्र बाजूने पाहिली तर एकसंध कमानीसारखी, आणि त्याला डंख नाही. म्हणजे एका खुणेवर थांबायचं नाही, दुसरी बघायची, जमलं तर तिसरीही.

हॉस्टेलवाल्यांसाठी आता कामाची माहिती. आपल्या रूम्समध्ये मला तीन प्रकारच्या मुंग्या सापडल्या. पहिली टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. जेमतेम दीड मिलिमीटर, डोकं काळं, पोट फिकट. पांढऱ्या टाइल्सवर नुसतं डोकंच पळताना दिसतं. हिची गाठ पोटाखाली झाकलेली असते, शोधायला त्रास देते. चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. खाज्याच्या डब्यात बहुतेक वेळा ह्याच असतात. दुसरी पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निस, म्हणजे लांब शिंगांची. मिशांचा पहिला भाग डोक्यापेक्षाही बराच लांब, आणि चाल अशी की सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात पळणारे आपण. या दोघी डसत नाहीत. तिसरी मागच्या मैदानावरची लाल मुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिकेची. दोन गाठी, मिशांच्या टोकाला दोन मण्यांचा छोटा गदा, आणि रांगेत काहींची डोकी इतरांपेक्षा कितीतरी मोठी. ही डसते. कपडे वाळत घालताना अनवाणी जाऊ नका, बाकी काही म्हणणं नाही.

जगात आजवर नोंदवलेल्या मुंग्यांच्या जाती १४ हजारांहून जास्त आहेत, भारतातल्या ८०० च्या वर. हे काम काही सगळं प्रयोगशाळेत बसून झालेलं नाही. मुंबई इलाख्यात रॉबर्ट रॉटन नावाचे वनाधिकारी होते. नोकरी सांभाळून ते मुंग्या गोळा करायचे आणि स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेल या शास्त्रज्ञाकडे पाठवायचे. १८९२ साली रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिला, त्याचं नाव 'अवर अँट्स', म्हणजे आपल्या मुंग्या. फोरेल यांनी काही जातींना रॉटन यांचं नाव दिलं, त्यात एक क्रेमॅटोगॅस्टरही आहे. पुढे १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतातल्या मुंग्यांवरचा जाडजूड ग्रंथ आला. हे वाचताना मला सारखं वाटलं, साहेब लांबून येऊन 'आपल्या' म्हणतो, आणि मी आपल्याच घरात हातातल्या किड्याला 'व्हाइट नाही' म्हणून सोडून देते.

आजोबांच्या कागदांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. प्रॉव्हिडंट फंडाची एक चिठ्ठी आजीने देवघरातल्या पोथीत ठेवली होती, तेवढी वाचली. त्यावर नंबर आहे. बाबा तो नंबर घेऊन या ऑफिसातून त्या ऑफिसात जातात. फाइल अजून चालू आहे. मला कुणी कधी बोललं नाही. बाबा फोनवर विचारतात, "काय मुंगीबाई, आज कोण भेटलं?" हे नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

या वर्षी जूनमध्ये परीक्षा चालू असताना पहिला पाऊस झाला. रात्री रीडिंग हॉलच्या ट्यूबलाइटभोवती पुन्हा तोच थवा. मुलींनी दिवे बंद केले, किंचाळल्या, झोपल्या. सकाळी मी ब्रश करत असताना फर्स्ट इयरची एक मुलगी दारात उभी. माझं नाव मुंगीबाई पाडण्यात जी पुढे होती, तीच. हातात कंपास बॉक्स. तिने तो उघडला. आत कागदावर एक काळपट किडा होता आणि बाजूला गळलेले पंख नीट मांडलेले.

"ताई," ती म्हणाली, "चारही पंख सारखेच आहेत. आणि हिला कंबर नाहीये."

मी भिंग घेतलं. मिशा सरळ होत्या, मणी ओवल्यासारख्या. आम्ही दोघी तशाच रेक्टर मॅडमकडे गेलो. त्याच दुपारी रीडिंग हॉलमधलं जुन्या पुस्तकांचं कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. मागे मातीची एक नळी होती, पेन्सिलीएवढी जाड, खालच्या फळीपर्यंत पोचलेली. खालच्या फळीवरची सात पुस्तकं गेली. वरच्या चार फळ्या वाचल्या.